कलाबाईचा मुऱ्हाळी

"चहा पाजला? माझ्या मुऱ्हाळ्याला चहा पाजून वाटेला लावला?"

"आवाज खाली कर."

"का? त्याला परत पाठवताना गल्लीची लाज वाटली नाही, आणि आता माझ्या आवाजाची वाटते?"

कलाबाई दारात उभी होती. गव्हाच्या पिठाचा डबा अजून काखेतच होता. दुपारभर वीज नव्हती म्हणून ती चक्कीवर बसून राहिली होती आणि आत्ता, दिवेलागणीला, घरी पोचली होती. केसांवर, भुवयांवर पीठ बसलेलं. तिचा नवरा शालिग्राम खाटेवर होता. सासू द्रौपदाबाई, जिला सगळे जिजी म्हणत, भिंतीशी बसून चिंच फोडत होती. सकाळीच सासरहून आलेली नणंद सुनंदा तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन आतल्या दारात थबकली होती.

"वरडू नको वं," जिजी म्हणाली. "गल्ली बठ्ठी आयकी ऱ्हायनी."

"ऐकू द्या. गल्लीनेच मला सांगितलं. घरातल्या कुणाच्या तोंडून निघणार होतं का?"

नसतंच निघालं. समोरची कुंदाबाई ओट्यावर पाणी मारत होती. कलाबाईला बघून ती सहज म्हणाली, "अगं, तुझा मुऱ्हाळी येऊन गेला ना दुपारी? मग तू अजून इथं कशी?" कलाबाईला वाटलं, थट्टा करते. मग कुंदाबाईच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं की थट्टा नाही.

आखाजी परवावर आली होती. वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि ती लेकींची असते. दिवाळीला नाही जमलं तरी चालतं, आखाजीला लेक माहेरी पाहिजे. कडुनिंबाला झोके असतात, आमरस असतो, सांजोऱ्या असतात, आणि सासू नसते. पुरुष दिवसभर पारावर पत्ते कुटतात, त्यांनाही त्या दिवशी कोणी विचारत नाही. पण लेक आपली आपण उठून जात नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. भाऊ, पुतण्या, चुलत्याचा मुलगा, कोणी तरी. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला नाही की सून राहते, आणि सासरच्यांना 'आम्ही कुठं अडवलं?' म्हणायची सोय होते.

कलाबाईचं माहेर शिंदखेड्याजवळ. धुळ्याहून सकाळची गाडी धरली तर ऊन चढायच्या आत माणूस पोचतं. इतक्या जवळच्या गावी तिला कैक वर्षं आखाजी मिळाली नव्हती. भाऊ होता, मगन. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात शालिग्रामला जावयाचा पोशाख द्यायचा तो राहिला आणि इतर पाहुण्यांसारखी टॉवेल-टोपी हातात पडली. लग्नघरच्या गर्दीत कुणाची तरी चूक. शालिग्रामने ती टोपी मांडवाच्या खांबाला अडकवली आणि वाढलेल्या ताटावरून उठून चालू लागला. मगन म्हणाला, गेला तर गेला. पुढे मगन कामासाठी सुरतेला गेला आणि तिकडेच रमला. गावात उरल्या म्हातारी माय आणि भावजय. अपमान झाला शालिग्रामचा, आखाजी बुडाली कलाबाईची.

आणि हाच शालिग्राम साक्री-शिंदखेड्याकडच्या गावांत मुऱ्हाळी म्हणून नावाजलेला होता.

तो जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचा हंगाम संपला, जिन बंद झाली की वैशाखात त्याला खाटेखेरीज दुसरं काम नसे. एका वर्षी कलाबाई म्हणाली, "आमच्या गावची इंदिरा पिंपळनेरला दिली आहे. तिला भाऊ नाही. बाप चिंधाआबा, त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. नुसते लोळता त्यापेक्षा जा, चिंधाआबांच्या नावाने पोरीला घेऊन या."

"मी तिचा कोण?"

"तिच्या दारात जाऊन उभं राहणारं माणूस. आणखी कोण व्हायचं आहे?"

तो कुरकुरत गेला. जाताना पिशवी कलाबाईने भरून दिली. वर सांजोऱ्यांचा डबा ठेवला आणि बजावलं, "हा इंदिरेच्या हातात द्यायचा नाही, सासूच्या हातात द्यायचा." जेवणवेळेला पोचायचं नाही, दुपारची भांडी घासून झाल्यावर पोचायचं, म्हणजे 'अजून स्वयंपाक राहिलाय' म्हणता येत नाही, हेही तिनेच सांगितलं. आणि मुख्य गोष्ट पाण्याची.

"पाणी पुढं करतील. घ्यायचं नाही. हात जोडून म्हणायचं, आधी पोरीची पिशवी भरू द्या, मग पाणी. पाणी घेतलंत की तुम्ही पाहुणे झालात. पाहुण्याला गोड बोलून वाटेला लावता येतं. तहानलेला माणूस दारात बसलेला कोणत्याच घराला परवडत नाही, वैशाखात तर नाहीच."

शालिग्राम बसला. इंदिरेच्या सासूने तांब्या पुढे केला, परत नेला, पुन्हा पुढे केला. शेजारच्या बाया डोकावायला लागल्या. शेवटी सासूच आत ओरडली, "भर गं बाई तुझी पिशवी, हा माणूस मरायचा माझ्या ओट्यावर." इंदिरा आली. चिंधाआबांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग शालिग्रामच्या तोंडावरूनही फिरवला. तेव्हापासून शालिग्रामला त्या कामाची गोडी लागली.

पुढच्या वर्षी दोघी झाल्या, मग आणखी. भाऊ नसलेल्या, भाऊ मुंबईला असलेल्या, भाऊ असून नसलेल्या. गावोगावचे बाप चैत्र लागला की निरोप पाठवायचे, शालिग्रामभाऊला सांगा. आणि दर वर्षी कलाबाई पिशवीत काही तरी वाढवायची. एका पोरीला त्याने अनवाणी आणलेलं तिने पाहिलं. सासरहून निघताना चपला मागायची सोय नसते आणि स्टँडवरचं डांबर तर पायाला चिकटतं. तेव्हापासून पिशवीत मागून पट्टा असलेल्या, कुणाच्याही पायाला बसतील अशा चपलांचा जोड असायचा. तळाशी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या असायच्या. शालिग्रामला वाटायचं, त्या लेकरांसाठी आहेत. बाईला महिन्यातून चार दिवस काय लागतं याचा विचार त्याने जन्मात केला नव्हता, पोरी मात्र पिशवी उघडून बघायच्या आणि गप्प बसायच्या. गाडीत उन्हाच्या बाजूला बसवायचं नाही. दोन गावं मागे पडेपर्यंत पोरीशी बोलायचं नाही, रडू द्यायचं, झोपू द्यायचं. हे सगळं घरातून निघताना तो पाठ करून जायचा.

लोक म्हणायचे, "शालिग्रामभाऊला बाईमाणसाच्या मनातलं कळतं हो."

तो हात हलवून म्हणायचा, "सुचतं आपलं."

हे कलाबाईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा हसली नाही. एकदा मात्र बोलली, "इतक्या दारांत जाता, एखाद्या दारात म्हणा ना, माझ्या बायकोलाही न्यायला कोणी येत नाही." तर तो म्हणाला, "मग लोक म्हणतील, उपकार फेडून घेतो." कलाबाईने पुन्हा विषय काढला नाही. मुलगा जळगावला आयटीआयला गेला, घर मोकळं झालं, तरी आखाजीला ती दुसऱ्यांच्या लेकींच्या पिशव्या भरत राहिली.

यंदा होळीनंतर इंदिरेचा निरोप आला होता. कलाबाईच्या मायने अंथरूण धरलं आहे, जेवण तुटलं आहे. माय म्हणते, 'कलाला म्हणावं, झोक्याचं राहू दे, नुसती येऊन बसून जा.' कलाबाईने तो निरोप नवऱ्याच्या कानावर घातला. तो म्हणाला, बघू. इंदिरेने मात्र निरोपावर भागवलं नाही. तिने आपल्या चुलतभावाला, वनाला, धुळ्याला पाठवलं. मगनभाऊ सुरतेला आहे तर त्याच्या जागी तू जा, कलाअक्काला घेऊन ये.

वना विशीतला. कधी कुणाचा मुऱ्हाळी होऊन गेलेला नव्हता, पण इंदिरेने पढवून पाठवलेलं. तो ओट्यावर टेकला. सुनंदाने पाणी आणलं तर म्हणाला, "आधी अक्काची पिशवी भरू द्या." हे कुंदाबाईने आपल्या ओट्यावरून स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि पुढचंही पाहिलं.

शालिग्राम हसत बाहेर आला. "अरे, हे मलाच शिकवतोस का? मी काय परका आहे?" त्याने वनाच्या खांद्यावर हात टाकला, आत सावलीत नेऊन बसवला, चहा करायला सांगितला, आणि कप बशीसकट स्वतः त्याच्या हातात दिला. पोरगं बिचारं संकोचलं. नावाजलेला माणूस, इंदिराअक्काला इतकी वर्षं आणणारा. त्याने चहा घेतला. मग शालिग्राम म्हणाला, "यंदा आमची सुनंदा आली आहे, जावई यायचे आहेत, तुझी अक्का मोकळी नाही. पुढच्या आखाजीला ये, मी स्वतः पाठवतो." आणि उन्हात चालत जाऊ नये म्हणून वनाला सायकलवर डबलसीट बसवून स्टँडवर सोडूनही आला.

"मी शिकवलं तुम्हाला," कलाबाई म्हणाली. डबा तिने आता खाली ठेवला होता, पण ठेवताना झाकण उडालं. "पाणी घेतलं की माणूस हरला, हे मी शिकवलं. आणि ते माझ्याच मुऱ्हाळ्यावर चालवलंत."

"चालवलं काय? घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा नाही?"

"तुम्हाला माहीत होतं कप हातात का देताय ते."

"वना पोरगं आहे. त्याचा काय अधिकार? सख्ख्या भावाने यावं, रीतीने न्यावं, मी कधी नाही म्हटलं?"

"आणि तुम्ही इंदिरेचे कोण होता? सख्खे?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

तो उशीची खोळ नीट करू लागला.

"मी सांगते. तिथं पाच माणसं बघतात. पोरीचा बाप तोंडावरून हात फिरवतो. इथं कोण फिरवणार? घरच्या बाईला घरातून पाठवलं तर कोण म्हणणार, वा शालिग्रामभाऊ?"

"मी लोकांच्या पोरी आणतो त्यात तुझं काय गेलं गं?"

"माझी माय चालली आहे, तिकडं!"

सुनंदाच्या लेकीने रडायला तोंड वासलं, तिला सुनंदाने थोपटलं. मग जिजी, चिंचेच्या टरफलांकडे बघत, आपलं तेच म्हणाली, "मना जवाई येवाव शे. त्याना पुढे पुरनपोई कोन ठेवी? घरनी सून घरमा नही ते सण कशाना?"

"जिजी, तुमची लेक यायची म्हणून आठ दिवस मी राबते आहे. कुरडया तळून ठेवल्या, झोक्याला दोर आणला, तिच्या लेकरासाठी गोधडी शिवली. मला त्यात काही वाटलं नाही. लेक माहेरी आली पाहिजे. पण मीही कुणाची तरी लेक आहे ना? का चुलीखालून निघाले मी?"

"तुना भाऊ सुरतमा बठना. त्याले सांग."

"माझा भाऊ सुरतेला का बसला ते तुमच्या लेकाला विचारा. टोपीसाठी उठला ना हा ताटावरून? एका टोपीसाठी! आणि मी काय मागते? गाडीभर अंतरावरची माय."

"टोपीचं काढू नकोस," शालिग्राम म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. "माझा मान गेला त्या मांडवात."

"तो तुम्ही गावोगाव जाऊन भरून काढला की. दर वैशाखात काढता. माझ्याच पिशवीने."

"पिशवी, पिशवी! चार सांजोऱ्या काय घातल्या..."

हे बोलू नये होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं असावं. तो थांबला. कलाबाईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की जिजीचाही चिंच फोडणारा हात थांबला.

"आखाजी होऊ दे," शालिग्राम नरमून म्हणाला. "दोन दिवसांचा तर प्रश्न. जावई गेले की मी स्वतः सोडतो तुला. चार दिवस राहा, आठ राहा. उद्या मला निजामपूरच्या पोरीला आणायला जायचं आहे, तेवढी तयारी करून दे. परवा सण. मग तू मोकळी."

"इतकी वर्षं लोकांच्या सासवांनी तुम्हाला हेच सांगितलं ना? आखाजी झाल्यावर पाठवतो म्हणून? तेव्हा तुम्ही ऐकलंत?"

"तू माझी तुलना त्या सासवांशी..."

"नाही. त्या निदान तोंडावर नाही म्हणतात. चहा पाजून नाही म्हणत नाहीत."

सुनंदा इतका वेळ आतल्या दारातच होती. आता पुढे आली. "वहिनी, तुम्ही जा. पोळ्या मी करते. मला येतात."

"माहेरवाशीण चुलीजोडे बशी?" जिजी एकदम कडाडली. "लोके मना तोंडमा शेण घालतीन."

कलाबाई नणंदेकडे वळली. "दुपारी तुम्ही इथंच होता ना ताई? वना बसला होता तेव्हा का नाही म्हटलं हे? तेव्हा एक शब्द काढला असता तर मी आत्ता गाडीत असते."

सुनंदाने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिला खोटं बोलता आलं असतं. लक्षात आलं नाही, दादापुढे बोलवलं नाही, काहीही.

"दादाने कप हातात दिला तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण वाटलं, तुम्ही गेलात तर मी माहेरी येऊनही चुलीपुढेच. वर्षभर तेच असतं, वहिनी. मला झोप पाहिजे होती. म्हणून नाही बोलले."

त्या घरात त्या संध्याकाळी एवढं एकच खरं बोलणं झालं. कलाबाई तिच्यावर ओरडायला निघाली होती, ती थांबली. तिने नणंदेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली, दंडावर ढिल्या झालेल्या बाह्या बघितल्या. असल्याच पोरींना घेऊन यायला ती इतकी वर्षं नवऱ्याला पाठवत आली होती. हिच्यावर काय चिडायचं?

पण राग गेला नाही. उलट आता तो जिथं बसायला पाहिजे तिथं नीट बसला. तिने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं. मोरीत जाऊन पाय धुतले, तांब्याभर पाणी उभ्या उभ्याच प्यायली. बाहेर आली तोवर शालिग्रामला वाटलं होतं की झालं, निवळलं. त्याने चप्पल पायात सरकवली, चौकात चक्कर मारून यावं म्हणून.

"बसा," कलाबाई म्हणाली.

तो बसला.

"जिजी, तुम्हीही ऐका. ताई, तुम्हीही." तिचा आवाज आता कुंदाबाईच्या ओट्यापर्यंत जाण्याइतकाही नव्हता. "ताईने चुलीला हात लावायचा नाही. ती माहेरी आली आहे, तिने झोपायचं. सकाळी लेकरू रडलं तर जिजींनी घ्यायचं. तिला उठवायचं नाही."

"मग जवाई..."

"जावयाला पोळी पाहिजे तर तुमचा लेक करेल. हरभऱ्याची डाळ फळीवर आहे, गूळ फडताळात आहे. मातीच्या खापरावरच्या त्याला जमणार नाहीत, तव्यावर लाटाव्यात. जिजी, तुम्ही जवळ बसून सांगा. नाहीच जमल्या तर भाकरी आणि आमरस द्या. भाकरी खाऊन कुणी जावई मेलेला नाही."

"मी पोळ्या लाटू?" शालिग्राम म्हणाला. "आणि मग निजामपूरची पोर? तिचा बाप वाट बघतोय."

"उद्या जायचं आणि तिला आणायचं. चुकवायचं नाही, तिचा काही दोष नाही. पिशवी तुमची तुम्ही भरा. संध्याकाळी परत आलात की डाळ भिजत घाला."

"बरं, असं करतो," तो घाईने म्हणाला, "पहाटे वनाला निरोप पाठवतो. तो येईल, न्यायला माणूस असलं म्हणजे रीत राहील. एकटी गेलीस तर तुझ्याच गावात काय दिसेल? मुऱ्हाळ्याशिवाय आली म्हणतील. भांडून आली म्हणतील."

"भांडूनच जाते आहे."

जिजी काही म्हणायला गेली, कलाबाईने तिला हातानेच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सासूपुढे असा हात केला.

"उद्या सकाळच्या पहिल्या शिंदखेड्याच्या गाडीने मी माहेरी जाते आहे. एकटी. न्यायला कोणी नको आणि सोडायला कोणी यायचं नाही. किती दिवस राहायचं ते मी मायकडे बघून ठरवेन."